पोलादी दाराआड नेटवर्क नाही

आमच्या जिन्यात संगणकातलं कळणारा माणूस मी आहे. माझं शिक्षण मत्स्यपालनाचं, पण मी सव्वीस वर्षांचा आहे आणि मला चष्मा आहे. बल्गेरियातल्या आमच्या विदिनमध्ये एवढी पात्रता पुरते. सतरा नंबरच्या इमारतीच्या ब जिन्यात सोळा घरं. त्यातल्या नऊ घरांना बाहेरून कुलूप आहे, माणसं जर्मनीत नाहीतर स्पेनमध्ये. दोन घरांतली माणसं त्याहून लांब गेलीत. उरलेल्या पाच घरांत मी सोडून सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यामुळे काही बिघडलं, म्हणजे लॅपटॉप, टीव्हीचा रिमोट, एकदा गुडघा, तर लोक चौथ्या मजल्यावर माझ्याकडे येतात.

त्या शनिवारी दुपारी चारला दोन्कामावशी आली. ती बेल वाजवत नाही, दार बडवते. बेल वाजली की नाही हे तिला ऐकू येत नाही.

"यासेन, नेट मेलं."

"कधी?"

"बुधवारी. तुला सांगणार होते, पण म्हटलं आपोआप उठेल."

"मावशी, मेलेलं आपोआप उठत नाही."

हे बोलल्यावर मी जीभ चावली. तिने ते ऐकलं नव्हतं. तिचा डावा कान फक्त सकाळी चालतो.

तिच्या घरी, म्हणजे पहिल्या मजल्यावर, स्वयंपाकघरात लॅपटॉप टेबलावर होता. त्याला मेतोदीकाकांनी जुन्या टेपरेकॉर्डरचे दोन मोठे स्पीकर जोडून ठेवले होते, प्रत्येकी एका डुकराच्या पिल्लाएवढे. मेतोदीकाका तिचे यजमान. डॅन्यूबवरच्या बोटींवर इलेक्ट्रिशियन होते. जिन्याखाली मीटरच्या वरच्या फळीवर सगळ्या जिन्यासाठी एकच राउटर त्यांनीच बसवलेला. कोणा एकाच्या घरात का नाही, असं विचारलं की म्हणायचे, "एकाला चांगलं नेट आणि बाकीच्यांना वाईट, हा अन्याय आहे. सगळ्यांना सारखंच वाईट मिळू दे." पासवर्ड त्यांनी तिथल्याच भिंतीवर खिळ्याने कोरून ठेवला होता.

फेब्रुवारीत ते झोपेतच गेले.

आता मुद्द्याचं. त्यांच्या मुलाला, क्रुमला, हे माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत क्रुम डॉर्टमुंडच्या एका इस्पितळात पडून होता. बांधकामाच्या परांचीवरून खाली आला होता. कंबर, मांडी, दोन मणके. मावशी म्हणाली, ऑपरेशन होऊ दे, मग सांगते. तीन ऑपरेशनं झाली. मग म्हणाली, उभा राहू दे. तो उभा राहिला. मग चालू दे, मग कुबड्या सुटू देत. असा सप्टेंबर आला. मेतोदीकाका तसेही फोनवर कधी येत नसत. नऊ वर्षांत त्यांचा संदेश एकच: "विचार त्याला, जेवला का." तेव्हा ते मेल्यावर फोनमध्ये फारसा फरक पडला नाही.

फरक फक्त खोकल्याचा होता. काका बिड्या ओढणाऱ्या माणसासारखे खोकत, आधी एक लांब, मग दोन आखूड, आणि तो खोकला फोनवर मागून ऐकू यायचा. मार्चच्या पहिल्या शनिवारी क्रुमने विचारलं, "आज बाबा खोकत नाहीत?" पुढच्या शनिवारपासून समोरच्या घरातले त्सांकोकाका शेजारच्या खोलीत शब्दकोडं घेऊन बसू लागले. दहा मिनिटांतून एकदा खोकायचे. खोकला हुबेहूब होता. एकदा तर मावशीच दचकून खोलीत बघायला गेली.

कॅमेऱ्याचा प्रश्न तिने स्वतःच सोडवला होता. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी. कॅमेरा बिघडलाय, असं क्रुमला सांगितलेलं. तिच्या अंगावरचे शोकाचे काळे कपडे त्याला दिसू नयेत म्हणून. सहा महिने त्या मुलाने आईच्या जागी एक गुलाबी अंधार पाहिला.

"आज सांगणार आहे," मावशी म्हणाली. "मागच्या शनिवारी तो म्हणाला, पुढच्या वेळी बाबांना बसव समोर, मला त्यांच्याशी बोलायचंय. आता त्सांको खोकून खोकून किती बोलणार?"

तिने एप्रनच्या खिशातून रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं खोकं काढलं. उलगडून सपाट केलेलं. आतल्या बाजूला पेनाने एक वाक्य लिहिलेलं होतं, तीन ठिकाणी खोडलेलं.

"सहा महिने लागले मला हे लिहायला. हे मी एकदाच बोलू शकते, यासेन. तो पलीकडून 'काय? आई, तुटतंय, परत बोल' म्हणाला ना, तर परत नाही बोलता येणार मला. म्हणून नेट पाहिजे. सहाला फोन येतो."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी कामाला लागलो. पहिला उपाय सगळ्यांना माहीत आहे. लॅपटॉप बंद केला, चालू केला. काही नाही. खाली जाऊन राउटर बंद केला, दहापर्यंत मोजलं, चालू केला, वर आलो. नेटवर्कचं नाव यादीत दिसे, मी हात लावला की नाहीसं होई. मी लॅपटॉपला सांगितलं, हे नेटवर्क विसर. ते तो लगेच विसरला. आमच्या जिन्यातली सगळ्यात कार्यक्षम गोष्ट. मग पुन्हा ओळख करून द्यायला पासवर्ड टाकला. लॅपटॉप दोन मिनिटं विचार करून म्हणाला, जोडणी होऊ शकत नाही. कारण विचारलं तर म्हणाला, कारण शोधतो. शोधून म्हणाला, सापडलं नाही. अधिक माहितीसाठी इंटरनेटवर पाहा.

"काय म्हणतोय?" मावशी.

"इंटरनेट का नाही ते इंटरनेटवर लिहिलंय म्हणतो."

"सरकारी आहे का हा?"

माझ्या फोनवरून नेट द्यायचं म्हटलं तर आमच्या नदीकडच्या खोल्यांत फोन पलीकडच्या काठावरचा सिग्नल पकडतो. दर दहा मिनिटांनी रुमेनियात आपलं स्वागत असो, आणि लगेच सगळं बंद. मी उभ्या आयुष्यात रुमेनियात दोनदा गेलोय आणि माझं स्वागत चार हजार वेळा झालंय.

"त्सांकोची मिरच्या भाजायची भट्टी असेल," मावशी म्हणाली. "सकाळपासून भाजतोय. फ्यूज उडवतो मेला."

सप्टेंबरात आमच्याकडे सगळ्या बाल्कन्यांत लाल मिरच्या भाजतात, विजेच्या भट्टीत. सगळ्या शहराला तो वास आणि निम्म्या शहराला अंधार. पण राउटरचा दिवा तर लागलेला होता.

मग मी पडदा पुसायला घेतला. पडदा पुसल्याने नेट येत नाही, हे मला माहीत आहे. पण तज्ज्ञाला काही सुचेनासं झालं की त्याने काहीतरी पुसावं, त्याने समोरच्या माणसाला धीर येतो. घरात स्पिरिट नव्हतं, म्हणून मावशीने जर्दाळूची राकिया दिली. मी फडकं भिजवून पडदा पुसला, कडा पुसल्या, कोपरे पुसले. दारूचा घमघमाट सुटला. लॅपटॉप चकाचक झाला.

पाच वाजून वीस मिनिटं.

"थांब, त्याला भट्टीच बंद करायला सांगते," म्हणत मावशीने बाहेरचं दार उघडलं, आणि लॅपटॉपवर सिग्नलच्या दोन रेघा उगवल्या.

"मावशी! हलू नकोस!"

"अं?"

"दार लाव."

तिने लावलं. रेघा गेल्या.

"उघड."

आल्या.

मी ते दार सात वेळा उघडलं आणि मिटलं. बुधवारी बसवलेलं नवं दार होतं ते. पोलादी, चार कड्यांचं, आत सिमेंट भरलेलं. एकटी बाई म्हणून तिने घेतलं होतं. चोर येऊ नये म्हणून दुकानदाराने शपथेवर दिलेलं. आणि खरंच, त्यातून काहीही येत नव्हतं.

"हे दार कशाला बसवलंस?"

"भीती वाटते रात्री."

"कोणाची? जिन्यात पाच जण आहोत. त्यात तिघांना पायऱ्या चढवत नाहीत."

मी हे बोलायला नको होतं.

तेवढ्यात त्सांकोकाका आले, हात मिरच्यांनी काळे. शनिवारची वेळ झाली होती.

"आज सुट्टी आहे तुला," मावशी म्हणाली. "आज सांगणार आहे मी."

"ठाऊक आहे. पण ऐन वेळी तुझी हिंमत गेली तर? मी आपला आत बसतो. बराच वेळ आवाज नाही आला तुझा, तर समजेन गाडी अडकली. मग खोकतो."

"नको."

"दोन्का, सहा महिने मी हे करतोय. शेवटच्या दिवशी घरी बसू?"

काका खोलीत गेले. मी बाहेरचं दार उघडं ठेवून त्याला बूट लावला आणि लॅपटॉप स्पीकरांपासून सोडवून दारापाशीच्या चपलांच्या कपाटावर आणला. दोन रेघा. मावशीने खोकं उलगडून हातात धरलं.

बरोबर सहाला क्रुमचा फोन आला.

"आ... का... रं... आहे... ना?"

"काय?" मावशी कान लॅपटॉपला लावून ओरडली.

"...बा... सले... का..."

"काय म्हणतो? यासेन, काय म्हणतो?"

"तुटतंय. जरा पुढे नेऊ या."

मी लॅपटॉप उचलला. जिन्याच्या तोंडाशी तीन रेघा. दोन पायऱ्या उतरलो, तीनच. माझी नजर फक्त त्या रेघांवर. मावशी मागून कठडा धरून येत होती, एका हातात खोकं. मधल्या वळणावर एक रेघ कमी झाली, आम्ही घाईने खाली उतरलो. तळाशी, टपालाच्या पेट्यांपाशी, पूर्ण चार रेघा. वर्षानुवर्षं या इमारतीत राहून मी चार रेघा पहिल्यांदा पाहिल्या. मला भरून आलं. मी लॅपटॉप पेट्यांवर ठेवला. पेट्यांचा माथा उतरता आहे, म्हणून बाजूला उभा राहून दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"ये, मावशी. समोर उभी राहा. आता स्पष्ट येईल."

ती समोर येऊन उभी राहिली. पाठ जिन्याच्या मुख्य दाराकडे. दम लागला होता. तिने खोकं डोळ्यांसमोर धरलं, चष्मा वर राहिलाय हे लक्षात आलं, आणि हात लांब केला.

"क्रुम," ती म्हणाली. "ऐकू येतंय?"

"येतंय, आई." आवाज इतका स्वच्छ, जणू तो पेटीतच बसलाय. "आणि दिसतेस पण."

मी पडद्याकडे पाहिलं. मोठ्या चौकटीत क्रुम होता, डॉर्टमुंडच्या एका स्वयंपाकघरात उभा. उभा, कुबडीशिवाय. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत, जिथे गेले सहा महिने गुलाबी अंधार होता, तिथे काळ्या कपड्यातली दोन्कामावशी होती. आणि तिच्या खांद्यामागे, दाराच्या काचेवर आतून डकवलेले, मेतोदीकाका होते.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचं शोकपत्रक दारावर लावतात, फोटोसकट. मग चाळिसाव्या दिवशी नवं, तीन महिन्यांनी नवं, सहा महिन्यांनी नवं. जुनं कोणी काढत नाही. त्याच्यावरच पुढचं डकवतात. दिवसातून चार वेळा त्या दारातून जाताना तिकडे कोणी बघतसुद्धा नाही, जसं कोणी दाराच्या मुठीकडे बघत नाही. हे ऑगस्टमधलं मीच संगणकावर केलं होतं, आणि डकवलंही मीच होतं. वर ठळक अक्षरांत, लांबूनही वाचता यावं म्हणून मोठ्या केलेल्या: मेतोदीशिवाय सहा महिने.

क्रुम काही बोलला नाही. मावशीही बोलली नाही. तिला वाटलं तो बोलतोय आणि तिला ऐकू येत नाहीये. मी लॅपटॉप धरून उभा. सोडला तर पडला असता.

बराच वेळ झाला. आणि मग वरून, उघड्या पोलादी दारातून, रिकाम्या जिन्यातून घुमत खोकला आला. एक लांब, दोन आखूड.

"हे कोण?" क्रुमने विचारलं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने मागे खुणावलं. ती वळली, दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडे वळली तेव्हा एकदम लहान झालेली वाटली.

"त्सांको," ती म्हणाली.

"आणि मागच्या शनिवारी?"

"त्सांकोच."

"ईस्टरला?"

"त्सांको."

"नवीन वर्षाला?"

"तो बाबांचा."

क्रुमने खुर्ची ओढली आणि बसला. बसताना त्याचा चेहरा दुखल्यासारखा झाला.

"जवळ ने जरा," तो मला म्हणाला. "कोण तू, यासेन ना? मोठा झालास. जवळ ने."

मी लॅपटॉप उचलून दारापाशी नेला आणि कागदासमोर धरला. तो मोठ्याने वाचू लागला. फोटो मासेमारीच्या स्पर्धेतला होता, काकांच्या हातातला मासा मी कापून टाकला होता. क्रुम ओळ न् ओळ वाचत शेवटपर्यंत गेला.

"शोकाकुल: पत्नी दोन्का, मुलगा क्रुम." तो थांबला. "हे मी कधी म्हणालो?"

"मी लिहिलं," मी म्हणालो. "तसं लिहायची पद्धत आहे."

"चाळिसाव्या दिवसाच्या कागदावरही होतो मी?"

"हो. सगळ्यांवर."

"म्हणजे जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की मला दुःख झालंय."

मला एक विनोद सुचला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी तो गिळला.

"आईला दाखव."

मी लॅपटॉप वळवला.

"मी दर शनिवारी बाबांना नमस्कार सांगायचो. काय करायचीस त्याचं?"

"पोचवायचे," मावशी म्हणाली. "फोटोसमोर जाऊन."

"आणि ते जेवला का विचारतायत, म्हणायचीस ते?"

"ते विचारलंच असतं त्यांनी."

मावशीने खोकं पुन्हा लांब धरलं. मी पुटपुटलो, "मावशी, आता कशाला." तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. तिने वाचलं, एका दमात, शाळेत कविता म्हणतात तसं:

"क्रुम, तुझे बाबा बावीस फेब्रुवारीला झोपेत गेले, त्यांना काही त्रास झाला नाही, आणि मी तुला सांगितलं नाही कारण मला तू आधी दोन्ही पायांवर उभा राहायला हवा होतास."

चारही रेघा होत्या. एक शब्दही तुटला नाही.

"ऐकू आलं," क्रुम म्हणाला.

"पुढच्या शनिवारी करशील ना फोन?"

त्याने तोंडाने उत्तर दिलं नाही. मान हलवली. वर-खाली, दोनदा. मग पडदा काळा झाला.

वर जाताना मावशी पहिल्या वळणावर थांबली.

"नाही म्हणाला."

आमच्याकडे मान वर-खाली म्हणजे नाही; डावी-उजवी म्हणजे हो. पण तिकडे उलटं आहे.

"मावशी, नऊ वर्षं जर्मनीत आहे तो. मान तिकडची झाली असेल. हो म्हणाला."

"आईला जर्मनमध्ये मान हलवेल?"

"सवयीने."

"त्याच्या डोक्यात काय सवय राहिलीय मला काय ठाऊक. नऊ वर्षं मी त्याला नुसता पडद्यावर बघतेय."

कॅमेऱ्यावर पट्टी असती तर त्याला मागचा कागद दिसला नसता, त्याने सगळं आईच्या तोंडूनच ऐकलं असतं, आणि हा सगळा प्रश्न आलाच नसता. मी रात्री सदरा काढला तेव्हा ती पट्टी माझ्या कोपराला चिकटलेली सापडली. राकियाने सुटली होती. जर्दाळूचा वास येत होता.

आठवडाभर ब जिन्यात दुसरा विषय नव्हता. त्सांकोकाकांचं म्हणणं, माणूस दुःखात असतो तेव्हा मातृभाषेतली मान हलवतो, म्हणजे नाही. तळमजल्यावरच्या लिलियाना मॅडम, निवृत्त भूगोल शिक्षिका, यांचं म्हणणं, मान ही गोष्ट प्रदेशावर अवलंबून असते, म्हणजे हो. मी दुसरा राउटर आणून मावशीच्या घरात बसवतो म्हणालो. तिने नको म्हटलं. "तिथे चांगलं येतं. मी खाली जात जाईन." आपण होऊन तिने क्रुमला फोन केला नाही. म्हणाली, त्याने करायला पाहिजे.

पुढच्या शनिवारी पावणेसहाला आम्ही खाली होतो. मावशीने स्टूल आणलं होतं, काळ्या कपड्यांवर नवा एप्रन, उजव्या कानात कापूस, म्हणजे डावा जास्त ऐकेल असं तिचं म्हणणं. कॅमेऱ्यावर पट्टी नव्हती. मी लॅपटॉपखाली घडी केलेलं वर्तमानपत्र घालून तो टपालाच्या पेट्यांवर नीट बसवला. त्सांकोकाका तिसऱ्या पायरीवर शब्दकोडं घेऊन बसले. आता खोकायचं नव्हतं, तरी आले होते. मधेच त्यांना खरा खोकला आला तर त्यांनी रुमाल तोंडात कोंबला.

चार रेघा. दार वरचं उघडं, राउटरचा दिवा हिरवा, पासवर्ड बरोबर, त्सांकोकाकांची भट्टी बंद. मी आयुष्यात पाहिलेलं हे पहिलं नेटवर्क, ज्यात काहीही बिघडलेलं नव्हतं.

सहा वाजले. मग सहा वाजून दहा. काचेवरून मेतोदीकाका बघत होते, हातात मासा नसलेले.

सहा पंचवीसला मावशी म्हणाली, "नेट गेलं वाटतं."

"चार रेघा आहेत, मावशी."

"दिसतात नुसत्या. असंच करतं ते. तू ते एकदा बंद करून चालू कर."

मी त्सांकोकाकांकडे पाहिलं. ते शब्दकोड्यात बघत होते.

मी जिन्याखाली गेलो. राउटर बंद केला. दहापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत मोजलं. मग चालू केला, आणि हिरवा दिवा येईपर्यंत तिथेच अंधारात उभा राहिलो.

"आलं का?" मावशीने बाहेरून विचारलं.